गणित ठेवायचे की सोडायचे?
दहावी-बारावी झालेल्या सभासदांच्या मुलामुलींसाठी



गळीत हंगाम संपला, गव्हाण झाडून झाली, मिलचे रोल बाहेर निघाले, की आमच्या प्रयोगशाळेत वेगळीच वर्दळ सुरू होते. हंगामात माणसे येतात ती उतारा विचारायला. मे-जूनमध्ये येतात ती निकालाचा कागद खिशात घालून. "साहेब, पोराला कुठं घालू?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय आमचा एक पावसाळा सुरू झालेला नाही.

मागच्या वर्षी असेच एक तात्या आले. बरोबर मुलगी. बारावीला चांगले मार्क, पण नीटच्या परीक्षेत एम.बी.बी.एस.पर्यंत पोचण्याइतके नाहीत. वडिलांचे म्हणणे, आणखी एक वर्ष क्लास लावू. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "काका, मला स्टॅटिस्टिक्सला जायचंय. पण कॉलेजवाले म्हणतात बारावीला गणित नाही, फॉर्म घेता येत नाही."

मी विचारले, "गणित का सोडलंस? दहावीला किती होते?"

"त्र्याण्णव."

तात्या मधेच म्हणाले, "तालुक्याच्या क्लासवाल्यांनी सांगितलं, डॉक्टर व्हायचं तर गणिताचं ओझं कशाला? आम्हाला काय कळतंय त्यातलं? आम्ही सही केली."

दहावीला गणितात त्र्याण्णव मार्क मिळवणाऱ्या मुलीचे गणित अकरावीच्या अर्जावरच्या एका खुणेने सुटले. फी भरली, दोन वर्षे गेली आणि दार लागल्याचे कळले ते पुढे गेल्यावर. या एका घरची ही गोष्ट असती तर अंकात लिहिली नसती. दर साली असे दोन-चार तरी येतात, म्हणून लिहीत आहे.

आधी मूळ मुद्दा सांगतो. अकरावी विज्ञानाला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घेता येते, जीवशास्त्र घेता येते, आणि दोन्हीही घेता येतात. दोन्ही घेतले की अभ्यास वाढतो, हे खरे. पण बारावीपर्यंत गणित घेतलेल्या मुलाला पुढे जीवशास्त्राच्या बाजूला वळणे त्या मानाने सोपे जाते. गणित सोडलेल्याला उलट वळणे फार अवघड. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, बहुतेक ठिकाणी संगणकशास्त्र, एन.डी.ए.तून हवाई दल किंवा नौदल, या सगळ्या वाटांवर बारावीचे गणित हा टोलनाका आहे. पावती नसेल तर गाडी पुढे जात नाही. वैद्यकीयच्या बाबतीत तर २०२३ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशी सवलत दिली, की बारावीला जीवशास्त्र नसलेल्याने तो विषय मागाहून जादा म्हणून पूर्ण केला तरी नीटला बसता येते. तेव्हा ज्याचे दहावीचे गणित बरे आहे त्याने ते बारावीपर्यंत हातचे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला गणिताचा खरोखरच तिटकारा आहे त्याच्यावर मात्र जबरदस्ती करू नये. त्याच्यासाठीही वाटा आहेत, त्या पुढे सांगतो.

आता, हे विज्ञान आणि गणित शिकून मुले करतात काय? लांबचे उदाहरण नको. आपल्याच कारखान्यात चला.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढला तर टनाला ३४६ रुपये. एकरी पन्नास टन धरले तर एकरामागे १७,३०० रुपये झाले. तोडणी-वाहतूक त्यातून जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, पण मुद्दा तो नाही. एवढा पैसा ज्या आकड्यावर अवलंबून आहे तो आकडा कोण काढतो? प्रयोगशाळेतली बी.एस्सी. झालेली पोरे काढतात.

रस काढला की आधी ब्रिक्स पाहतात. म्हणजे रसात विरघळलेला घनपदार्थ शेकडा किती. पण विरघळलेले सगळे काही साखर नसते. त्यातली खरी साखर शोधायला पोल काढावा लागतो. त्यासाठी पोलॅरिमीटर नावाचे यंत्र आहे. एका विशिष्ट तऱ्हेने गाळलेला प्रकाश साखरेच्या द्रावणातून सोडला, की तो उजवीकडे वळतो. जितकी साखर जास्त तितका जास्त वळतो. साखरेच्या द्रावणाचा हा गुण फ्रान्समधील बिओ या शास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास दाखवून दिला, आणि आज आपल्या टनाचा हिशोब त्यावर चालतो. समजा ब्रिक्स २० आला आणि पोल १७. तर १७ भागिले २०, म्हणजे शुद्धता ८५ टक्के. इथवरचे गणित सातवीतले आहे.

खरी गंमत पुढे आहे. ऊस तोडून गाडीत दोन-तीन दिवस पडला, उन्हात तापला, तर त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्या मिश्रणाचा गुण असा, की ते प्रकाशाला उलट, डावीकडे वळवते. म्हणून त्याला इन्व्हर्ट साखर म्हणतात, म्हणजे उलटी झालेली. शिळा ऊस आला की पोल का पडतो, हे आम्हाला यंत्रात डोळ्यांनी दिसते. साखर फुटण्याचा वेग तपमानावर आणि आंबटपणावर अवलंबून असतो. तो वेग मांडायचा तर रसायनशास्त्राबरोबर कॅल्क्युलस लागते. म्हणजे एका पोलच्या आकड्यात प्रकाशाचे भौतिकशास्त्र, साखरेचे रसायनशास्त्र आणि वेगाचे गणित असे तीन विषय बसलेले आहेत. तिन्हींची तोंडओळख असलेला केमिस्ट नुसता आकडा लिहीत नाही. आकडा का घसरला तेही सांगतो.

या कामाकडे यायची वाट अशी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची आणि नंतर साखर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्यासाठी दोन मोठ्या संस्था आहेत. एक कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था, १९३६ ची. दुसरी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जी १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने आपल्यासारख्या सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनीच उभी केली. पदवीला कोणते विषय असलेच पाहिजेत, हे त्या त्या वर्षाच्या माहितीपत्रकात वाचून घ्यावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. मेकॅनिकल किंवा केमिकल इंजिनिअर झालेल्यालाही कारखान्यात जागा असते, पण ती वाट वेगळी आणि खर्चाची. तिथे गणित लागते ते बॉयलर-बाष्पकाच्या हिशोबाचे. किती उष्णता आत गेली, किती वाफेबरोबर निघाली, किती बगॅस जळाला, याचा ताळेबंद मांडता आला पाहिजे.

आता तात्यांच्या मुलीच्या विषयाकडे येतो. संख्याशास्त्र म्हणजे काय, हे गावात कोणी विचारले तर आम्ही पैसेवारीचे उदाहरण देतो. पूर्वीची आणेवारी म्हणजे बरीचशी नजरपाहणी. बांधावर उभे राहायचे आणि अंदाज बांधायचा, की औंदा आठ आणे पीक आहे. ज्याच्या बांधावर उभे राहिले त्याचे पीक चांगले असेल तर सगळ्या गावाचे चांगले ठरायचे. एका चुकीच्या नजरेने शेतसाऱ्याची सूट हुकायची.

यावर उपाय शोधणाऱ्यांत आपल्याच भागातला एक माणूस पुढे होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली. परत आल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीककापणी प्रयोगांची पद्धत बसवली. कल्पना साधी आहे. गाव चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, गावातले शेत तसेच निवडायचे, आणि शेतातला तुकडाही तसाच निवडायचा. चांगले कोणते, वाईट कोणते, हे ठरवायचा अधिकार माणसाच्या नजरेकडून काढून घ्यायचा. मग तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, झोडून, वजन करायचे.

त्या काळी तुकडा किती मोठा घ्यावा, यावर मोठा वाद झाला. कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे प्राध्यापक महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवून दिले, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. का? हे आपल्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळेल. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा घेतला तर त्याचे क्षेत्र एक चौरस मीटर, पण कड चार मीटर. दहा बाय पाचचा घेतला तर क्षेत्र पन्नास आणि कड तीस, म्हणजे चौरस मीटरमागे अर्ध्या मीटरहून थोडी अधिक. कडेवरचे ताट आतले की बाहेरचे, हा प्रश्न आला की कापणारा हात सहसा ते आतच ओढतो. जेवढी कड जास्त तेवढी चूक जास्त. बांधावरून भाऊबंदकी करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

सुखात्मे पुढे १९५१ पासून वीस वर्षे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. डॉ. पानसे यांच्याबरोबर त्यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. आजही पीकविम्याची भरपाई ठरवताना पीककापणी प्रयोगाचा आकडा पाहतात. ज्याच्या सोयाबीनचा विमा अडला असेल त्याने लक्षात घ्यावे, की हा गणिताचा विषय थेट आपल्या खिशाशी येऊन भिडतो.

उसाचेही तसेच. ८६०३२ लावू की २६५, हा वाद चावडीवर मिटत नाही. संशोधन केंद्रावर तो मिटवायचा तर दोन्ही जाती शेजारी लावून भागत नाही, कारण रानाच्या एका अंगाला पाणी जास्त मुरते, दुसऱ्या अंगाला खडक असतो. म्हणून रानाचे भाग पाडून, प्रत्येक भागात सगळ्या जाती चिठ्ठी टाकून लावतात, आणि फरक जातीचा की जमिनीचा हे संख्याशास्त्राने वेगळे काढतात. पाडेगावच्या केंद्रावर असो की कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, नवी जात बाहेर येते ती या चाळणीतून.

या विषयात पदवी घ्यायची तर आपल्या विद्यापीठांच्या अनेक कॉलेजांत बी.एस्सी. संख्याशास्त्र आहे. फार हुशार मुलाने कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेला बसून पाहावे. ती अवघड असते आणि तिथे पाठांतर चालत नाही. पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे. तिच्यासाठी पदवीला संख्याशास्त्र असावे लागते, हे अनेकांना माहीतच नसते. शिवाय बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या आहेत. विमा कंपनीत हप्ता किती असावा हे ठरवणारे विमागणिती म्हणून एक पद असते. त्याच्या परीक्षा भारतीय विमागणिती संस्था घेते, आणि तिची प्रवेश परीक्षा बारावीनंतरच देता येते. पुढच्या परीक्षा मात्र चिवटपणाच्या आहेत. वर्षानुवर्षे देत बसावे लागते. हल्ली ज्याला डेटा सायन्स म्हणतात, आणि उसाच्या शेतीत उपग्रहाच्या चित्रांवरून पाणी-खताचा सल्ला देण्याचे जे प्रयोग बारामतीकडे सुरू झाले, त्यांचाही पाया संख्याशास्त्र आणि संगणक हाच आहे. नाव नवे आहे म्हणून दोन-दोन लाखांचे सहा महिन्यांचे कोर्स विकणारेही निघाले आहेत. ज्याला पदवीचे संख्याशास्त्र येत नाही त्याला असला कोर्स उपयोगाचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

नुसते गणित घेऊन बी.एस्सी. करावी का, असेही विचारतात. इथे मला थोडे कडू बोलावे लागते. पदवीचे गणित हे बारावीच्या गणितासारखे नसते. बारावीपर्यंत उत्तर काढायचे असते. पदवीला उत्तर बरोबर का, हे सिद्ध करायचे असते. ज्याला त्यात रस वाटतो त्याच्यासारखा भाग्यवान नाही. त्याने आयसरच्या किंवा बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या प्रवेशाची चौकशी बारावीतच करावी. पुण्याचे आयसर २००६ साली निघाले, ते आपल्याला जवळही आहे. साध्या कॉलेजातून बी.एस्सी. करणाऱ्यालाही जॅम ही परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जाता येते. पण ज्याने सिद्धता पाठ करून तीन वर्षे काढली त्याला बाजारात कोणी विचारत नाही. त्याने जोडीला संगणकाची भाषा किंवा संख्याशास्त्र तरी घ्यावे. शिक्षक व्हायचे असेल तर बी.एस्सी.नंतर बी.एड. आणि पात्रता परीक्षा, कॉलेजवर शिकवायचे तर एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट. शिक्षकभरतीची वाट बघत घरी बसलेली मुले गावोगावी आहेत, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी गणित चांगले शिकवणारा मास्तर कुठल्याही गावाला कमीच पडतो.

भौतिकशास्त्राबद्दल थोडेच सांगतो. पावसाचा अंदाज आपण सगळे ऐकतो आणि चुकला की शिव्या देतो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून लोक सिमला ऑफिस म्हणतात. आता मुख्यालय दिल्लीला आहे, पण पुण्यात खात्याचे मोठे काम चालते. शिवाय पाषाणला उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधन संस्था आहे. हवा, बाष्प आणि उष्णता यांची समीकरणे मोठ्या संगणकावर सोडवणे हे तिथले काम. भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही पक्के असलेल्या, एम.एस्सी.पर्यंत शिकायची तयारी असलेल्या मुलाने त्या वाटेचा विचार करावा.

आता गणिताला रामराम ठोकलेल्यांचे काय? त्यांनी नाराज होऊ नये. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांत बी.एस्सी. कृषीला जीवशास्त्र गटातूनही जाता येते. बारावीला गणित नसलेल्यांना पहिल्या वर्षी प्राथमिक गणिताचा वर्ग करावा लागतो एवढेच. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या मुलांना डिस्टिलरीत काम आहे. मळीचे अल्कोहोल करतो तो यीस्ट नावाचा जीवच, त्याची निगा ठेवणारा माणूस लागतोच. माती-पाणी परीक्षण, ऊतिसंवर्धनाची रोपे, जैविक खते ही सगळी कामे त्यांचीच.

तात्यांच्या मुलीला आम्ही जे सांगितले ते इतरांच्याही उपयोगी पडेल. बारावी पास झालेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकटा गणित विषय घेऊन परीक्षा देता येते. कॉलेज सोडायला नको, पुन्हा बारावीला बसायला नको. मात्र अशा मागाहून केलेल्या विषयावर प्रवेश देतात का, हे ज्या कॉलेजात जायचे आहे तिथे आधी लेखी विचारून घ्यावे. तिने आधी पत्र लिहून विचारले, मग फॉर्म भरला. तात्या परवा काट्यावर भेटले. म्हणाले, "पहाटे चारला उठती. ते लांब शेपटीचं चिन्ह काढत बसती. मला काय कळत नाही, पण मी चहा करून देतो."

ज्यांची मुले औंदा अकरावीला जात आहेत त्यांनी विषयांच्या रकान्यात खूण करण्याआधी दहावीचे गणिताचे मार्क पाहावेत, मुलाला विचारावे आणि मगच सही करावी. प्रयोगशाळा बंद हंगामात दुपारी तीननंतर मोकळी असते. मुलांना घेऊन या. पोलॅरिमीटर दाखवू, रस नाही पण साखरपाणी घालून प्रकाश वळलेला दाखवू. येताना माहितीपत्रके असतील तर तीही आणा, बसून वाचू.